त्या भिंतीचा जाब कुणाला?

आम्ही अंधेरीला राहतो. मुलांचं जग म्हणजे घर, शाळा, मशीद आणि मामूचं घर. 1992-93 च्या दंगलींनंतर आमच्यासारख्या अनेक घरांनी काळजीपोटी मुलांच्या पायांभोवती कुंपण घातलं. पण न पाहिलेल्या गल्लीची भीती पाहिलेल्या गल्लीपेक्षा मोठी असते. म्हणून दर रविवारी मुलांना घेऊन पायी फिरायचं ठरवलं.

सुरुवात केली गिल्बर्ट हिलपासून. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा काळा कडा जवळपास 200 फूट उंच आहे. पण इमारती आणि झोपड्यांनी इतका वेढलेला, की अंधेरीत जन्म गेलेल्यांनीही तो पाहिलेला नसतो. पायऱ्या चढून गेल्यावर वर गावदेवीचं मंदिर. धाकट्यानं तिथून आपली इमारत शोधली. त्याची भीड चेपली.

पुढच्या रविवारी लोकलनं बोरिवली. तिथून चालत आय. सी. कॉलनीमार्गे मंडपेश्वर. वाटेत एका ख्रिस्ती आजींनी मुलांना पाणी दिलं. मंडपेश्वर ही सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेली शैव लेणी. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिथं चर्च केलं. आत नटराजाचं भंगलेलं शिल्प आहे आणि एका भिंतीवर मोठा क्रूस कोरलेला. 1739 मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, क्रूस राहिला.

थोरलीनं विचारलं, "मग याचा जाब आता त्या आजींना विचारायचा का?"

आम्ही गप्प झालो. शेकडो वर्षांपूर्वीच्या बादशहांवरून तिला स्वतःला वर्गात "तुमच्या लोकांनी" असं ऐकावं लागलं होतं. 'नाही' हे उत्तर आमच्या सोयीचं होतं, म्हणूनच ते तपासून घेणं भाग होतं. नाही म्हणायचं तर ते सर्वांसाठी म्हणावं लागेल. पूर्वजांच्या इमारतींचा, शायरीचा अभिमान आपण हक्कानं मिरवतो. मग त्यांच्या जुलमाचा विषय निघताच "आमचा काय संबंध?" म्हणून कसं चालेल? आम्हांला वाटतं, गुन्हा वारशानं येत नाही. पण घडलं ते खरं सांगण्याची आणि उरलं ते जपण्याची जबाबदारी येते. जमिनीवर फिरून आधीच्यांचं काय झालं ते पाहा, असं कुरआन वारंवार सांगतं. त्यात दुसऱ्यांचे गुन्हे मोजून परत यायला सांगितलेलं नाही.

मुलीला एवढंच म्हणालो, "जाब नको. पण त्यांना ठाऊक आहे का, ते विचार."

परतताना तिनं खरंच विचारलं. आजी म्हणाल्या, "ठाऊक आहे की. दगड झिजत चाललाय गं. सगळ्यांनी मिळून सांभाळायला पाहिजे."

धाकट्यानं पुन्हा पाणी मागितलं.