तेरावा सेक्टर

चंडीगडच्या सेक्टर 30मध्ये सीएसआयओ ही शास्त्रीय उपकरणांची सरकारी प्रयोगशाळा आहे. तेजस विमानाच्या वैमानिकासमोरचा हेड-अप डिस्प्ले तिथेच घडला. त्याच सेक्टरात भाड्याने राहणारे एक मराठी गृहस्थ खासगी कंपनीत तापमान मोजणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहीत. सगळी नोकरी सी भाषेत गेलेली. पण बारीकसा बदल करायचा तरी अख्खा प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करून यंत्रात चढवावा लागे. म्हणून साहेबांनी फर्मावलं, बदलते नियम लुआमध्ये लिहा.

लुआ ही 1993 साली ब्राझीलमधल्या रिओच्या विद्यापीठात जन्मलेली आटोपशीर स्क्रिप्टिंग भाषा. दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात बसून काम करणं ही तिची खासियत. तिचा इंटरप्रिटर सीमध्येच लिहिलाय हे कळल्यावर गृहस्थ निर्धास्त झाले.

"आईला ओळखतो, लेक काय वेगळी निघणार? मॅन्युअल राहू दे," ते भाचीला म्हणाले. ती सेक्टर 12मधल्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजात शिकायची आणि रविवारी मामाकडे जेवायला यायची.

"आईला कारलं आवडतं, मामा. मला आवडतं का?" ताटातलं कारलं बाजूला सारत ती म्हणाली.

कुठल्या सेक्टरात किती यंत्रं, याची यादी मामांनी त्या रात्रीच केली. चंडीगडच्या मूळ आराखड्यात तेरा नंबरचा सेक्टरच नाही, म्हणून ती जागा निल, म्हणजे 'काहीच नाही'. प्रोग्रॅम चालवला. एक, दोन, तीन करत बारापर्यंत आला आणि संपला. स्वतःचा तीस नंबर आलाच नाही. एररही नाही. मामांनी मेमरी तपासली, केबल बदलली, आणि आठवडाभराने 'ही भाषा नव्हे, खेळणं आहे' म्हणून मोकळे झाले.

रविवारी भाची स्क्रीन बघून हसली. "माझ्या कॉलेजपाशीच थांबतंय की! यादीवरून क्रमाने फिरणाऱ्या आयपेअर्सला पहिला निल दिसला की त्याच्या लेखी यादी संपली."

"सीमध्ये मधला खण रिकामा असला तरी फेरी पुढे जाते."

"इथे निल ठेवणं म्हणजे खणच नसणं."

"हे कुठे लिहिलंय?"

"तू राहू दे म्हणालास, त्यात."

मामांनी मुकाट्याने मॅन्युअल उघडलं. थोडं वाचून त्यांनी तेराच्या जागी निल काढून फॉल्स टाकला. ही युक्ती भाचीलाही सुचली नव्हती. तीस नंबर उमटला. ती उठायला लागली, तर मामांनीच थांबवलं.

"जिथे यंत्रं शून्य आहेत, तिथेही 'चालू' का दिसतंय?"

सीमध्ये शून्य म्हणजे असत्य. या वेळी त्यांनी केबलला हात लावला नाही, पानं उलटली. लुआमध्ये खोटे दोनच, निल आणि फॉल्स. शून्य चक्क खरं!

"पहिल्या पानापासून वाच आता," भाची म्हणाली.

"तेच करतोय. तू जेवून घे."