लाल विजारीचा हट्ट

ऑगस्ट १९१४मध्ये फ्रेंच पायदळ जर्मन सैन्यावर चालून गेले तेव्हा शिपायाच्या अंगात गुडघ्याखाली जाणारा करडा-निळा ओव्हरकोट होता आणि पायांत लालभडक विजार. चालताना कोटाचा घोळ पायांत येऊ नये म्हणून त्याची पुढची दोन्ही टोके मागे दुमडून बटणाने अडकवलेली असत. त्यामुळे जो रंग झाकला जायला हवा तोच नेमका समोरून उघडा पडे. केपी टोपीही लालच. तिच्यावर निळी खोळ चढवण्याइतकी काळजी घेतलेली होती. पाठीवरच्या बोजाच्या माथ्यावर पत्र्याचा डबा बांधलेला, तो उन्हात चकाके. समोरच्या जर्मन रायफली आणि मशीनगनचा मारा अर्ध्या मैलावरून सहज पोचत होता, आणि त्या चालवणाऱ्यांच्या अंगावर माळरानात मिसळून जाणारा राखाडी-हिरवा कपडा होता.

इतिहासातल्या देखण्या लष्करी पोशाखांचा विषय निघाला की मला ही विजार सर्वांत आधी आठवते. ती सर्वांत सुंदर होती असे नाही. पण सैनिकाला देखणे कशासाठी करतात आणि ते देखणेपण कुणाच्या जिवावर टिकवले जाते, हे तिच्याइतके उघडपणे दुसऱ्या कुठल्या पोशाखाने दाखवलेले नाही.

एरवी या झगमगाटाला व्यवहारी कारणे होती. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तोकुगावा इएयासूच्या बाजूने लढलेला जपानी सरदार होन्डा तादाकात्सू याचे शिरस्त्राण पाहा. त्याच्यावर सांबरासारखी फांद्याफांद्यांची शिंगे आहेत. ती खरी नाहीत. कागदाचे थरावर थर चिकटवून, वरून काळ्या लॅकरचे लेप देऊन ती घडवलेली आहेत. वजनाला हलकी, तलवारीचा घाव अडवण्याची ताकद त्यांच्यात नाही. धुरळ्यात आणि झुंबडीत ‘हा होन्डा’ हे दोन्ही बाजूंना दुरून कळावे, एवढेच त्यांचे काम. कुणी कुणाला पाडले याच्या साक्षीपुराव्यावर जिथे इनाम आणि जमीन ठरायची, तिथे नजरेत भरणे ही सामुराईची मिळकतच होती. कुणी न पाहिलेला पराक्रम हिशेबात धरला जात नसे.

पोलंडच्या हुसार घोडेस्वारांच्या लाकडी चौकटींना लावलेल्या पिसांचे पंख, खांद्यावरची बिबट्याची कातडी, हेही असेच दाखवण्यासाठी. १६०५मध्ये किर्खोल्मला आपल्याहून कितीतरी मोठ्या स्वीडिश फौजेवर तुटून पडलेले हे स्वार समोरच्याच्या काळजात आधी धडकी भरवत, मग भाला घालत. बंदुका आल्या तरी भडक रंग गेले नाहीत. जुन्या काळ्या दारूचा धूर इतका दाट असे की दोनचार फैरी झडल्यावर रणांगण दिसेनासे होई. आपली पलटण कुठे आणि शत्रूची कुठे, हे सेनापतीला धुराच्या फटीतून ओळखायचे असे. इंग्रजांचा लाल कोट, ऑस्ट्रियनांचा पांढरा, प्रशियाचा गडद निळा या सगळ्यांचा उपयोग तिथे होता.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण मराठी वाचकाला सांगायला नको. १६५९मध्ये प्रतापगडाखाली अफजलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी चिलखत अंगरख्याच्या आत घातले होते. जीव वाचवायचा असेल तर संरक्षण लपवावे, आणि दरारा बसवायचा असेल तर ते मिरवावे, या दोन्ही गोष्टी योद्ध्यांना पूर्वीपासून माहीत होत्या. फरक एवढाच की कधी काय करायचे हे ठरवणारा माणूस स्वतः त्या चिलखतात असे.

फ्रेंच शिपायाच्या बाबतीत तसे नव्हते. त्याच्या विजारीचा लाल रंग मंजिष्ठेच्या मुळ्यांतून आला. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळते त्या मंजिष्ठेची ही युरोपातली सख्खी बहीण. अठराव्या शतकात ज्याँ आल्थेन या आर्मेनियन माणसाने आविन्योंच्या परिसरात तिची लागवड रुजवली. मुळ्या रंगाला यायला तीनेक वर्षे थांबावे लागे, पण भाव चांगला मिळे. १८२९मध्ये पायदळाला लाल विजारी ठरल्या आणि या शेतकऱ्यांना हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. पुढे १८६८मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी हाच रंग, अलिझरीन, डांबरातून निघणाऱ्या पदार्थापासून प्रयोगशाळेत तयार केला. काही वर्षांतच कारखान्यातला रंग इतका स्वस्त झाला की प्रोव्हान्समधली मंजिष्ठेची शेते मोडीत निघाली. ज्या रंगात फ्रान्सने आपला स्वाभिमान गुंडाळला होता, तो रंग जर्मन कारखान्यांतून विकत येऊ लागला.

दुसरी गोष्ट याहून विलक्षण आहे. धूर न करणारी दारू शोधली ती फ्रेंचांनीच. १८८४मध्ये पॉल व्हिएय यांनी ती तयार केली आणि १८८६ची लबेल रायफल त्या दारूवर चालणारी जगातली पहिली लष्करी रायफल ठरली. ज्या धुरामुळे भडक रंगाची गरज पडत होती, तो धूर फ्रान्सनेच संपवला. आता मैदान स्वच्छ दिसणार होते, गोळी कुठून आली हे कळणार नव्हते आणि लाल विजार मात्र कोसावरून दिसणार होती. इतर देशांनी यातून धडा घेतला. १८४६मध्ये पेशावरला उभ्या राहिलेल्या ब्रिटिशांच्या गाइड्स पलटणीने वापरात आणलेली खाकी, बोअर युद्धानंतर सगळ्या ब्रिटिश फौजेचा रणांगणावरचा पोशाख झाली. जर्मनांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच राखाडी-हिरवा रंग घेतला.

फ्रान्समध्ये प्रयत्न झाले नाहीत असे नाही. करडा-निळा, बदामी-निळा असे रंग एकामागून एक तपासले गेले. १९११मध्ये युद्धमंत्री आदोल्फ मेसिमी यांनी काही तुकड्यांना करड्या-हिरव्या कपड्यात कवायतींना उतरवले. युद्धचित्रांसाठी नावाजलेला एदुआर देताय नव्या पोशाखांचे आराखडे काढत होता. वर्तमानपत्रे तुटून पडली. हा मातकट रंग शिपायाची शान घालवतो, असा गिल्ला झाला. लाल विजार म्हणजेच फ्रान्स, असे एतिएन या माजी युद्धमंत्र्यांनी ठणकावल्याचे सांगतात. मला इथे थांबून विचारावेसे वाटते, की ही विजार त्यांच्यापैकी कुणाला घालायची होती? ती घालणार होता सक्तीच्या भरतीतून आलेला शेतकऱ्याचा, सुताराचा, शाळामास्तरचा पोरगा. होन्डाने आपली शिंगे स्वतःच्या नावासाठी मिरवली आणि त्यांचा धोकाही स्वतः पत्करला. इथे नाव राष्ट्राचे होते, मिरवणारे अग्रलेख लिहीत होते, आणि धोका त्या पोराचा होता. देखण्या पोशाखाचा मला राग नाही. ती शिंगे पाहताना मी हरखून जातो. राग आहे तो या वाटणीचा.

२२ ऑगस्ट १९१४ या एका दिवसात फ्रान्सचे २५ हजारांहून अधिक सैनिक मेले. फ्रेंच सैन्याच्या इतिहासात इतका रक्तरंजित दिवस दुसरा नाही. पण हे सगळे मरण विजारीच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. त्या दिवशी बेल्जियममधल्या रोसिन्योलच्या जंगलात जी वसाहती पायदळाची डिव्हिजन जवळजवळ नष्ट झाली, तिच्या शिपायांच्या विजारी लाल नव्हत्याच, निळसर होत्या. मारले ते तोफांनी, मशीनगननी आणि काहीही झाले तरी संगिनी रोखून पुढे धावायचे, या शिकवणुकीने. तरीही ती शिकवणूक आणि तो रंग एकाच डोक्यातून निघाले होते. शौर्य दिसले पाहिजे, आडोसा घेणे फ्रेंच माणसाला शोभत नाही, असे मानणाऱ्यांनाच लपणारा कपडा नको होता.

बदल अखेर मंजूर झाला तो जुलै १९१४मध्ये, युद्ध दाराशी आल्यावर. निळे, पांढरे आणि लाल धागे एकत्र विणून, दुरून करडे-जांभळे दिसेल असे कापड करायचे ठरले. झेंड्याचे तिन्ही रंग त्यात राहणार म्हणून कुणाला बोलायला जागा नव्हती. पण लाल धाग्याला लागणारे अलिझरीन जर्मनीचे. युद्ध सुरू होताच ते बंद झाले. लाल धागा वगळून जे कापड निघाले ते फिक्या निळ्या रंगाचे होते, आणि तोच पुढे ‘क्षितिजाचा निळा’ म्हणून फ्रेंच शिपायाची ओळख बनला. तो पुरेसा मिळेपर्यंत लाल विजारीवरून निळ्या सुती कापडाची विजार चढवून वेळ निभावली गेली. म्हणजे संसदेतल्या वादावादीने जे होत नव्हते ते रंगाचा पुरवठा थांबल्याने झाले.

खाकीने तरी माणसे वाचली का? २८ ऑक्टोबर १९१४ला फ्रान्समधल्या न्यव्ह शापेल गावावर ब्रिटिश फौजेने केलेल्या हल्ल्यात आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या ४७व्या शीख पलटणीबरोबर होत्या. मराठा, शीख, मुसलमान असे हे जवान. काम पूल आणि खंदक बांधण्याचे, पण त्या दिवशी संगिनी घेऊन घराघरांतून लढले आणि अखेर मागे रेटले गेले. त्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. अंगात खाकी होती. मातीचा रंग नेमबाजाला चकवतो, पण मोकळ्या रस्त्यावर पेरलेल्या मशीनगनच्या गोळ्यांना रंग कळत नाही.

मग पुन्हा पोलाद आले. डोक्याला लागणाऱ्या तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी इतके बळी घेतले, की १९१५च्या सुरुवातीला फ्रेंच शिपायांना केपीच्या आत घालायच्या पोलादी वाट्या दिल्या गेल्या. त्याच वर्षी ऑग्युस्त-लुई आद्रियाँ या पुरवठा खात्यातल्या अधिकाऱ्याने आखलेले शिरस्त्राण आले. पत्र्याची जाडी जेमतेम ०.७ मिलिमीटर. बंदुकीची गोळी ते अडवत नसे. वरून पडणारे तुकडे, दगड, ढेकळे अडवी. त्याच्या माथ्यावर पुढून मागे जाणारा एक तुरा आहे. तो नुसता शोभेचा नाही, हवेसाठी ठेवलेली फट त्याच्याखाली झाकलेली असते. समोर बिल्ला आहे: पायदळाला पेटता बाँब, तोफखान्याला एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या तोफा, वसाहती फौजेला जहाजाचा नांगर. हा बिल्ला बसवण्यासाठी त्या पातळ पोलादाला समोरून फटी पाडाव्या लागत.

चिखलात, उंदरांत, महिनोन्महिने एकाच खंदकात पडून राहिलेल्या माणसाला आपण अमक्या तुकडीचे आहोत हे दाखवणारी एवढीशी खूण हवी होती, आणि तिच्यासाठी पोलादात फटी पाडणे त्या सैन्याला मान्य होते. लाल विजारीला मी जे माफ करू शकत नाही ते या बिल्ल्याला सहज करतो. तो दहा पावलांवरून, सोबत्याला दिसत होता.