निवारा आणि मताधिकार

'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात. बांधणाऱ्याची यातायात त्या म्हणीस ठाऊक आहे. परंतु एकाचे घर दुसऱ्याच्या घराच्या आड येऊ शकते, याचा विचार तीत नाही. अमेरिकेतील अलीकडच्या निवडणुका पाहता तो विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

२०२४ सालच्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी घरकर्जाचे व्याज अवघ्या तीन वर्षांत ३ टक्क्यांच्या आसपासून ७ टक्क्यांच्या जवळ गेले होते. पहिले घर घेऊ पाहणारा तरुण दाराशीच अडला. कमला हॅरिस यांनी ३० लाख नवी घरे आणि पहिल्या खरेदीस २५,००० डॉलरपर्यंत साहाय्य देऊ केले. डोनाल्ड ट्रम्प यांनी स्थलांतरितांकडे बोट दाखविले. परंतु घरे स्वस्त होणे म्हणजे आजच्या मालकाची पुंजी घटणे, हे कोणी ठासून सांगितल्याचे आमच्या स्मरणात नाही. कारण उघड आहे. तेथील सुमारे ६५ टक्के कुटुंबे स्वतःच्या घरात राहतात, आणि घरमालक भाडेकरूपेक्षा अधिक नेमाने मतदानास जातो.

या अडचणीचे मूळ मात्र राजधानीत नसून गावोगावच्या नियमांत आहे. १९२६ साली ओहायोतील युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जमिनीच्या वापराचे विभाग पाडण्याचा गावांचा अधिकार मान्य केला. स्वतंत्र घरांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या बिऱ्हाडांच्या इमारतीस त्या निकालपत्रात बांडगुळाची उपमा आहे. पुढे १९७८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी घरपट्टी १ टक्क्यावर आणली, आणि घर विकले जाईपर्यंत तिच्या आकारणीची किंमत वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढू नये असे ठरविले. परिणामी लॉस एंजेलिसमधील एका नव्या मालकिणीस काही शेजाऱ्यांच्या तशाच घरांहून सुमारे पाचपट कर पडला. तिने दाद मागितली; १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला.

वैध ते न्याय्य असतेच असे नाही. तथापि त्या जुन्या मालकास दुष्ट म्हणणेही आम्हांस मान्य नाही. वाढत्या करापायी म्हातारपणी घर जाईल, हे त्याचे भय खरे होते. दोष भयाचा नव्हे. ज्याला गावात राहण्यास जागाच मिळत नाही, त्याला त्या गावात मतही नसते. त्याच्या गैरहजेरीत त्याचा निकाल लागतो. मग तो आपले गाऱ्हाणे देशाच्या निवडणुकीत नेतो, आणि तेथे त्यास घराऐवजी बहुधा एखादा अपराधी दाखविला जातो.

न्यूयॉर्कमध्ये बहुसंख्य लोक भाड्याने राहतात. तेथे २०२५ साली झोहरान ममदानी नियंत्रित घरांची भाडेवाढ रोखण्याचे वचन देऊन महापौरपदी निवडून आले. आजच्या भाडेकरूस त्यात दिलासा आहे. उद्या येणाऱ्यास खोली कोठे, हा प्रश्न तेथेही उरतोच.

न जन्मलेल्या वारसाचा वाटादेखील कायदा जपतो. मतदाराने आपले मत एखाद्या विश्वस्ताप्रमाणे वापरावे, आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या मतहीनाचा वाटा त्यात धरावा, एवढीच आमची अपेक्षा आहे. ती अमेरिकेपुरती नाही.