सोनोग्राफी आणि लाभदायक ज्ञानाची कसोटी



गर्भवती स्त्रीची सोनोग्राफी आता तालुक्याच्या गावीही नित्याची बाब झाली आहे. तिच्यासोबत आपल्या घरांत दोन प्रश्न आले. पहिला श्रद्धेचा आहे. उदरात काय आहे हे अल्लाह जाणतो, असे सूरह लुकमानच्या अखेरच्या आयतीत सांगितले असताना यंत्राला ते कसे कळते? दुसरा आचरणाचा आहे. जे कळू शकते, ते सर्व जाणून घेणे योग्य आहे काय? पहिल्या प्रश्नावर आपण हिरिरीने बोलतो आणि दुसऱ्यावर मौन पाळतो. जबाबदारी मात्र दुसऱ्याचीच मोठी आहे.

प्रथम यंत्राचे स्वरूप समजून घेऊ. माणसाचा कान सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांचा आवाज ऐकतो. सोनोग्राफीतील ध्वनी सेकंदाला वीस लाखांहून अधिक कंपनांचा असतो. पोटावर फिरवल्या जाणाऱ्या प्रोबमधील स्फटिकांना विजेचा स्पंद दिला की ते थरथरतात आणि ध्वनिलहरी शरीरात शिरतात. स्फटिकांचा हा गुण पिएर आणि जाक क्युरी या बंधूंनी १८८१ मध्ये प्रयोगाने सिद्ध केला होता. मऊ पेशीजालातून या लहरी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातात आणि वाटेत निराळी घनता लागली की त्यांचा काही अंश परत फिरतो. हवेच्या थरावरून त्या जवळपास सगळ्याच परततात, म्हणून त्वचेवर जेल लावावे लागते. प्रतिध्वनी किती वेळाने परतला, यावरून संगणक चित्र रेखाटतो. ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये या पद्धतीवरील आपला महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला आणि प्रसूतिशास्त्राला नवी दृष्टी मिळाली.

तेव्हा हे यंत्र पाहत नाही, ते प्रतिध्वनी ऐकते आणि त्यावरून अनुमान करते. ज्याचा आकार घडून चुकला आहे, त्याचीच खूण त्याला मिळते. साधनांच्या आधारे मिळालेल्या अशा माहितीला उलेमा गैबचे ज्ञान म्हणत नाहीत. शिवाय उदरात काय आहे याचा अर्थ केवळ मुलगा की मुलगी एवढाच नाही. त्या जिवाचे आयुष्य किती, उपजीविका कोणती, तो सदाचारी होईल की दुराचारी, हे सारे त्यात येते. त्याचा प्रतिध्वनी कोणत्याही पडद्यावर उमटत नाही. म्हणून सोनोग्राफीमुळे ईमानला धक्का बसण्याचे कारण नाही.

आता दुसरा प्रश्न. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ज्या ज्ञानाचा लाभ होत नाही, त्यापासून अल्लाहचा आश्रय मागितला आहे. ज्ञानाची प्रतिष्ठा वाढवणाऱ्या धर्मात ही दुआ आहे, यावर विचार करा. माहिती खरी असणे पुरेसे नाही, तिच्यातून कोणते कृत्य जन्मते हेही पाहावे लागते.

ही कसोटी सोनोग्राफीला लावून पाहा. गर्भ गर्भनलिकेत रुजला आहे असे वेळीच कळले, तर मातेचे प्राण वाचतात. वार गर्भाशयाच्या तोंडावर आली आहे असे कळले, तर बाळंतपण मोठ्या रुग्णालयात करण्याची तयारी होते. जुळे आहे, वाढ खुंटली आहे, हृदयात दोष आहे, यातील प्रत्येक माहितीतून काळजीचे एखादे कृत्य निघते. हे लाभदायक ज्ञान आहे. खर्चाच्या किंवा संकोचाच्या सबबीखाली सुनेला त्यापासून वंचित ठेवणे हा अन्याय आहे.

मग मुलगा की मुलगी, हे कळल्यावर आपण काय करणार? काहीच बदलणार नसेल, तर ते कळायला प्रसूतीपर्यंत थांबता येते. आणि काही बदलणार असेल, तर तो बदलच बहुधा गुन्हा असतो. लिंगाशी निगडित आनुवंशिक रोगांच्या तपासणीला कायद्यातच वाव आहे, तो तज्ज्ञांचा विषय आहे. एरवी ही माहिती घेणे निषिद्ध आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम असा कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. डॉक्टरांनी शब्दाने किंवा खुणेनेही लिंग सांगू नये, असे तो बजावतो. अनिष्टाकडे नेणारी वाट आधीच बंद करावी, हे तत्त्व आपल्या फिकहलाही परके नाही.

तरीही १९९१ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ९४६ मुली होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या. हा दोष इतरांचा आहे असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. देशातील मुस्लिमांमध्ये हेच प्रमाण २००१ मध्ये ९५० होते, २०११ मध्ये ते ९४३ झाले. जिवंत पुरलेल्या मुलीला कोणत्या अपराधासाठी मारले असे विचारले जाईल, हे आपण सूरह तकवीरमध्ये वाचतो. तेव्हाच्या बापाच्या हाताला निदान माती लागत होती. आजचा हात स्वच्छ राहतो, एवढाच फरक आहे.

कोणी म्हणेल, आमचा हेतू वाईट नाही, केवळ उत्सुकता आहे. आखातात राहणारी आपली भावंडे हाच प्रश्न विचारतात, कारण जिथे मनाई नाही तिथे डॉक्टर सहज सांगतात. उत्सुकता स्वतः पाप नाही. पण उत्तर ऐकताना आपल्या चेहऱ्याकडे लक्ष द्यावे. मुलीची वार्ता ऐकून ज्याचा चेहरा काळवंडतो, त्याचे चित्र सूरह नहलने रेखाटले आहे. कायदा डॉक्टरांचे तोंड बंद करू शकतो, पण आपल्या चेहऱ्यावरची ती छाया त्याच्या अधिकारात नाही. ती पुसण्याचे काम आपले आहे. पोटुशी पत्नी ती छाया न बोलता वाचते, आणि घरातली थोरली मुलगीही वाचते.

हजरत मरयम (अ.) यांच्या मातोश्रींचे स्मरण करा. उदरातील अपत्य त्यांनी अल्लाहच्या सेवेस अर्पण केले, तेव्हा ते कोण आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. मुलगी झाली, तेव्हा त्या क्षणभर थबकल्या. पण त्यांनी नवस मोडला नाही. मुलीचे नाव ठेवले, तिच्यासाठी आणि तिच्या संततीसाठी आश्रय मागितला, आणि अल्लाहने तिचा उत्तम रीतीने स्वीकार केला. त्यांनी अर्पण आधी केले, ओळख नंतर झाली. आईबापाच्या प्रेमाचाही हाच क्रम असावा. ओळख पटल्यावर स्वीकार करायचा की नाही हे ठरवणारा मनुष्य अमानत घेत नाही, तो सौदा करतो.

म्हणून सोनोग्राफीला अवश्य जा, वेळेवर जा. डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा : बाळ सुखरूप आहे ना, आणि आम्ही काय काळजी घ्यावी? घरी आल्यावर सासूबाईंनी सुनेला जेवायला वाढावे, चौकशी करू नये. नावे दोन्ही ठरवून ठेवावीत.

अल्लाह आपल्याला लाभदायक ज्ञान देवो, आणि प्रत्येक जन्माच्या वार्तेने आपले चेहरे उजळोत. आमीन.