नको म्हणण्यातला मान

१० एप्रिल १९६७च्या रात्री अमेरिकेत सांता मोनिकाला ऑस्करचा समारंभ चालू होता. सर्वोत्कृष्ट अभिनेता म्हणून पॉल स्कोफील्डचं नाव पुकारलं गेलं आणि तो तिथे नव्हताच. त्याच्या वतीनं बक्षीस घ्यायला वेंडी हिलर पुढे आली. ज्या 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स' चित्रपटासाठी हे बक्षीस होतं, त्यात तिनं त्याच्या बायकोचं काम केलं होतं. नवरा घरी आणि मान घ्यायला बायको! आपल्याकडे नेमकं उलटं होतं, म्हणून मला हा प्रसंग भारी आवडतो.

स्कोफील्ड इंग्लंडमधला नट. जन्म १९२२चा, बर्मिंगहॅमचा. वडील ससेक्समधल्या एका गावी शाळेचे हेडमास्तर, तिथेच तो वाढला. मुळात रंगभूमीचा माणूस. आपल्याला 'महाभारता'मुळे माहीत असलेल्या पीटर ब्रूकनं १९६२ साली 'किंग लिअर' बसवलं, त्यात लिअर हाच. पुढे २००४ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या नटांनी आपापसांत मतं घेतली, तेव्हा शेक्सपिअरच्या नाटकांतलं सर्वांत मोठं काम म्हणून त्यांनी हाच लिअर निवडला. नटांनी नटाला दिलेलं मत, म्हणजे पारख बायकांनीच केलेल्या पुरणपोळीची! चित्रपट मात्र त्यानं मोजकेच केले. ऑस्करनंतर हॉलिवूडला जाऊन राहिला नाही. बाल्कम नावाच्या खेड्यात घर, नाटक संपलं की घरी. १९४३ साली जॉय पार्कर या नटीशी लग्न झालं, ते २००८ मध्ये तो जाईपर्यंत टिकलं. नटांच्या जगात हेही थोडं नाही.

पण मी त्याच्याविषयी लिहिते आहे ते दुसऱ्या गोष्टीसाठी. त्याला 'सर' हा किताब देऊ केला होता, आणि तो त्यानं घेतला नाही. ऑलिव्हिए सर झाला, गिलगुड झाला, अ‍ॅलेक गिनेस झाला. हा म्हणाला, 'मिस्टर' हाही किताबच आहे की, त्यात वाईट काय? जन्मभर जो लावला तो कशाला सोडायचा? आपल्याकडे इंग्रजांच्या काळात रावसाहेब, रावबहादूर होण्यासाठी लोकांनी काय काय केलं ते आजी-आजोबांकडून ऐकलेल्यांना या 'नको'चं वजन कळेल.

आता मला अडचणीचा वाटणारा प्रश्न. मान नाकारणं हाही एक मानच नव्हे का? हळदीकुंकवाला वाण देताना 'नको गं, कशाला' म्हणत हात मागे घेणारी बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिला वाण हवं असतं, शिवाय आग्रहही हवा असतो. पंचकल्याण पूजेत मोठ्यानं सवाल बोलणारा एकवेळ परवडला, त्याची हौस उघड आहे. पण गुप्तदान करून ते चार घरी कळेल अशी व्यवस्था करणारे असतात, त्यांचं काय? क्रोध दिसतो, लोभ दिसतो. मान हा कषाय मात्र नम्रतेचं पातळ नेसून येतो, म्हणून ओळखू येत नाही.

स्कोफील्डला मी या कसोटीवर लावून पाहिलं. एक तर तो सगळ्याच मानांना पाठ फिरवणारा नव्हता. १९५६ मध्ये त्यानं सीबीई घेतलं, २००१ मध्ये, ऐंशीच्या घरात, 'कम्पॅनियन ऑफ ऑनर' घेतलं. तो मानही मोठा, पण त्यानं नावाच्या पुढे काही लागत नाही. म्हणजे कामाची पावती त्याला चालत होती, नाव बदलणं चालत नव्हतं. ज्याला नकाराचाच दिमाख मिरवायचा असतो, तो असा फरक करत बसत नाही, सगळंच भिरकावतो आणि त्याची बातमी होऊ देतो. दुसरं म्हणजे, या नकाराचं त्यानं भाषण केलं नाही. मुलाखतींपासूनच तो शक्यतो लांब असे.

कुणी म्हणेल, यात त्याचं गेलं काय? खरंच आहे. ज्या टॉमस मोरची भूमिका त्यानं केली, त्याच्या नकाराची किंमत होती शिर. आठव्या हेन्रीच्या नव्या लग्नापायी जी शपथ सगळे घेत होते ती मोरनं घेतली नाही, आणि १५३५ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्याशेजारी किताब नाकारणं म्हणजे काहीच नाही. मी दोघांना एका पंक्तीला बसवणार नाही. पण मोरसारखी वेळ हजारात एकावर येते. 'तुमच्या नावापुढे काही लावू का?' ही वेळ तुमच्या-माझ्यावर रोज येते, मंडळाच्या अध्यक्षपदापासून लग्नपत्रिकेतल्या नावांच्या क्रमापर्यंत. आणि हा माणूस मानाची भूक काय असते हे जाणत नव्हता असंही नाही. १९७९ साली 'अमेडियस' नाटक पहिल्यांदा आलं, त्यात मोझार्टच्या कीर्तीनं जळणारा सालिएरी यानंच उभा केला.

एक गोष्ट मात्र मला टोचते. नवरा 'सर' झाला की बायको आपोआप 'लेडी' होते. म्हणजे हा नकार एकाचा, पण गेलं दोघांचं. त्याग करणाऱ्या पुरुषांच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. त्या त्यागात घरातल्या बाईचा वाटा किती, तो तिला विचारून घेतला का, हे गोष्टीत नसतं.

'अ मॅन फॉर ऑल सीझन्स'मध्ये ते आहे, म्हणून तो चित्रपट मला मोठा वाटतो. मोर तुरुंगात आहे. बायको अ‍ॅलिस त्याला भेटायला येते, त्याच्यासाठी कस्टर्ड करून आणते. तो कस्टर्डची तारीफ करतो, तिच्या कपड्यांची करतो. आणि ती उसळते. स्वयंपाकाची तारीफ ऐकायला ती आलेली नसते. तो का मरतो आहे हेच तिला कळत नाही, आणि कळल्याचं नाटक ती करत नाही. तू गेल्यावर तुझा राग राग करीन अशी मला भीती वाटते, असं ती त्याला तोंडावर सांगते. तो चांगला माणूस आहे हेही कबूल करते, पण पटलं असं म्हणत नाही. आणि इतका वेळ प्रत्येक प्रश्नाला उत्तर असलेला मोर त्या एका जागी गडबडतो. तू समजून घेतलंस तरच मला मरण सोपं जाईल, असं काहीसं तिला विनवू लागतो. राजापुढे, न्यायाधीशांपुढे न वाकलेला माणूस! स्कोफील्डचा तो कणखर, खोल आवाज तिथे किती खाली उतरतो ते ऐकण्यासारखं आहे.