मानवणारी शिस्त

अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात, अ‍ॅनापोलिसमध्ये, सेंट जॉन्स नावाचं छोटं कॉलेज आहे. तिथे आठवड्यातून दोन रात्री विद्यार्थी टेबलाभोवती बसतात. शिक्षक एक प्रश्न विचारतो आणि व्याख्यान न देता ऐकत राहतो. पहिल्या वर्षी हा प्रश्न ‘इलियड’विषयी असतो, शेवटच्या वर्षी ‘वॉर अँड पीस’विषयी असू शकतो. 1937 साली, कॉलेज डबघाईला आलेलं असताना, स्ट्रिंगफेलो बार आणि स्कॉट ब्यूकॅनन यांनी हा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात विषय निवडायची जवळपास मुभाच नाही. युक्लिडच्या सिद्धता प्रत्येकाने फळ्यावर मांडायच्या. ग्रीक, फ्रेंच, संगीत आणि प्रयोगशाळा सगळ्यांनाच. टॉलेमीपासून न्यूटनमार्गे आइन्स्टाइनपर्यंत मूळ लेखनातूनच जायचं.

ऑरेगनमधल्या पोर्टलंडच्या रीड कॉलेजात गुणांची नोंद होते, पण काम बरं चाललं असेल तर विद्यार्थ्याला ते सहसा कळवले जात नाहीत. निबंध परत येतो तो शेऱ्यांनी भरून. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला, मग विषय भौतिकशास्त्र असो की काव्य, प्रबंध लिहावा लागतो आणि तोंडी परीक्षेत त्याची बाजू मांडावी लागते. 1995 पासून या कॉलेजाने एका प्रसिद्ध साप्ताहिकाच्या कॉलेज-क्रमवारीला माहिती देणंही बंद केलं. कॅलिफोर्नियाच्या ओसाड खोऱ्यातलं डीप स्प्रिंग्ज याहून वेगळं. एल. एल. नन यांनी 1917 साली काढलेल्या या दोन वर्षांच्या कॉलेजात जेमतेम तीसेक विद्यार्थी असतात. ते गायींच्या धारा काढतात, लसूणघासाला पाणी देतात, तत्त्वज्ञान वाचतात. शिक्षक कोण नेमायचे आणि पुढच्या तुकडीत कोणाला घ्यायचं, यातही त्यांचा वाटा असतो.

लांबून पाहताना हे विक्षिप्तपणाचे नमुने वाटतात. माझ्या मते, शिक्षण कशासाठी, या प्रश्नाला दिलेलं एकेक उत्तर इथे शेवटपर्यंत पाळलं गेलं आहे. माणसाच्या मूलभूत प्रश्नांना शाखा नसतात असं मानलं, तर सर्वांनी सगळं वाचणं ओघानेच येतं. गुणांच्या ओढीने जिज्ञासा मरते असं मानलं, तर गुण नजरेआड ठेवावेच लागतात. विचार करणाऱ्याने कष्टाची आणि कारभाराची जबाबदारीही उचलावी असं मानलं, तर पहाटे गोठ्यात जाणं अभ्यासाचाच भाग होतं.

म्हणून असं कॉलेज शोधणाऱ्याने ‘हे माझ्यासारखं आहे का?’ एवढंच विचारून थांबू नये. अठराव्या वर्षी आपण कसे आहोत हे आपल्यालाच अर्धंमुर्धं ठाऊक असतं, आणि जे कॉलेज हुबेहूब आपल्यासारखं असेल ते आपल्याला आहोत तसंच ठेवील. कोणती शिस्त आपण कंटाळ्याच्या दिवशीही पाळू, हे विचारावं. आवडीपेक्षा हा निकष कठोर आहे, म्हणून भरवशाचाही.

आपल्याकडच्या विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सेंट जॉन्सची पदवीपूर्व ग्रंथसूची मुख्यतः पाश्चात्त्य आहे. मात्र त्याच कॉलेजच्या सांता फे इथल्या शाखेत पौर्वात्य अभिजात ग्रंथांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. तिथे संस्कृत किंवा अभिजात चिनी शिकत महाभारत, उपनिषदं वाचली जातात. कीर्तनातून, आजीच्या गोष्टींतून महाभारत ऐकत वाढलेल्या मुलाला त्या टेबलाशी एक नवी अडचण भेटेल. इथे परंपरेचा दाखला चालत नाही; समोरच्या पानावर जे आहे त्याच्याच आधाराने बोलावं लागतं. ओळखीचा कर्ण तिथे पुन्हा ओळखून घ्यावा लागेल. हे कोणाला अपमानाचं वाटेल, कोणाला मोकळं करणारं. ज्याला मोकळं वाटेल, त्याच्यासाठी ती जागा आहे.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. डीप स्प्रिंग्जमध्ये शिकवणीचं शुल्क नाही. सेंट जॉन्सने 2018 साली आपलं शुल्क सुमारे 52,000 डॉलरवरून 35,000 वर आणण्याचं जाहीर केलं, पण आपल्याकडच्या बहुतेक घरांना तेही जड आहे. आर्थिक मदतीची चौकशी अर्जाआधीच करावी.

पण या शिस्तीची परीक्षा घेण्यासाठी समुद्र ओलांडायची गरज नाही. युक्लिडच्या भूमितिग्रंथाच्या पहिल्या पुस्तकात 48 प्रमेयं आहेत. सत्तेचाळिसावं म्हणजे शाळेत पाठ केलेलं पायथागोरसचं. पहिल्यापासून निघून एकेक सिद्धता पुस्तक मिटून कागदावर मांडावी, आणि एखाद्या मित्राला समजावून सांगावी. तो ‘पण का?’ म्हणेल तिथे थांबून पुन्हा मांडावी. सत्तेचाळिसाव्यापर्यंत पोहोचल्यावर सुटल्यासारखं वाटलं, तर आपली वाट दुसरी आहे, आणि ते कळणंही मोलाचं. पण पाठ असलेली गोष्ट आता पहिल्यांदाच कळली असं वाटून दुसरं पुस्तक उघडावंसं वाटलं, तर अर्ज करायला हरकत नाही.