दाट केसांचा मोह

वाशीम जिल्ह्यात शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ हे जैन तीर्थ आहे. दिगंबर मुनींच्या 28 मूलगुणांत केशलोच येतो: दोन ते चार महिन्यांत डोक्याचे नि दाढीचे केस स्वतःच्या हाताने उपटायचे.

शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांत, जानेवारी 2025मध्ये लोकांचे केस अचानक गळू लागले आणि घबराट पसरली. मुनी केस आपणहून सोडतात. इथे ते न विचारता गेले.

मग दाट केसांसाठी धडपडणे हा मोहच का?

त्वचेबाहेरचा केस निर्जीव केराटिनचा. जिवंत असते ते मूळ. त्याला प्रथिने आणि लोह लागते. कमतरता असेल तर ती भरून काढणे ही शरीराची निगाच. केशलोच मुनींसाठी आहे; जैन गृहस्थाला तेल-फणीची मुभा आहे.